खिशांतली कचेरी

पूर्वीं कारकून सायंकाळीं घरीं परते तेव्हां कचेरी मागें राही. एखादें दप्तर कांखेंत येई खरें. परंतु तें बांधून खुंटीस टांगतां येई. हल्लीं कचेरी मोबाइलांतून थेट पानापर्यंत येते. आमच्या मतें खरा जाच संदेशाचा नव्हे, तो येईल या धास्तीचा आहे. आमटी निवते, लेकराच्या प्रश्नास नुसतें ‘हूं’ मिळतें, रात्रीं दोनदां उशाशीं उजेड होतो आणि सकाळीं बायकोवर विनाकारण खेंकसणें होतें. वरिष्ठांस मात्र असा मनुष्य तत्पर वाटतो!

जर्मनींत फोक्सवागन कंपनीनें २०११ सालीं, पाळी संपून अर्धा तास होतांच कांहीं नोकरांच्या फोनवर टपाल धाडणेंच थांबविलें. फ्रान्समध्यें ५० वा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांस २०१७ पासून या बाबतींत कामगारांशीं बोलणीं करणें कायद्यानें भाग पडलें. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं लोकसभेंत अशाच हक्काचें खासगी विधेयक मांडिलें. त्याचा कायदा झाला नाहीं. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं मुलास बोल लावण्यापूर्वीं थोडें थांबावें. उत्तरास विलंब झाला तर बढती दुसऱ्यास मिळते, हें त्यास आपणांपेक्षां अधिक ठाऊक असतें.