शिदोरी आणि तिचे वेष्टन

जपानमधील दुकानांत तयार मिळणारी ओनिगिरी आपल्या छात्रांनी संधी मिळताच चाखून पाहावी. मीठ लावून वळलेला चिकट भात, आत मासा किंवा खारवलेले आंबट फळ, बाहेर समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. त्या क्रमाने ते सोडवले की कोरडे ठेवलेले शेवाळ ऐनवेळी भाताला लागते आणि कुरकुरीत राहते. मोहिमेवरच्या सैनिकांचीही ही जुनी शिदोरी.

पण शिदोरीची परीक्षा चवीवर संपत नाही. खाल्ल्यावर हातात काय उरते, तेही पाहावे. काशीकडचा सत्तू घ्या. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. पाणी, मीठ, कांदा, मिरची घालून गोळा मळला की जेवण तयार, मागे कचरा नाही. ओनिगिरीमागे मात्र प्लास्टिक उरते. जपानी माणूस ते खिशात घालून घरी नेतो, कारण तिथे रस्त्यावर कचराकुंड्या फार कमी.

काशीचा शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी बांधवला. तो स्वतःच्याच भाराने खचला होता. त्याच्या पायऱ्यांवर आपल्या वेष्टनांचा भार नको.

पालकांनी सहलीच्या डब्यासोबत एक रिकामी पिशवी द्यावी. प्रशिक्षकांनी परतताना छात्रांची गणती करतात, तशी त्या पिशव्यांचीही करावी.