धुण्याचे कपाट

दोन खोल्यांच्या सदनिकेत धुण्यासाठी बहुधा न्हाणीघरालगतचा कोनाडाच उरतो. पुढून उघडणारे वॉशिंग मशीन सुमारे ६० सेंटिमीटर रुंद व ८५ सेंटिमीटर उंच असते. मागे नळीसाठी चार बोटे जागा सोडावी, वर फळी बसवावी. वरून उघडणाऱ्या मशीनचे झाकण त्या फळीला अडते, हे सुतार निघून गेल्यावर कळून काय उपयोग? दार मात्र हवा खेळेल असे जाळीचेच हवे. बंद, दमट कपाटात पावसाळ्यात बुरशी धरते. जीवहिंसा टळावी म्हणून जेथे पाणीही गाळून वापरतात, त्या घराला ही हयगय शोभत नाही. पूजेच्या वस्त्रांची दोरी वेगळीच असावी. धुणे आटोपल्यावर मशीनचे दारही थोडा वेळ उघडे ठेवावे.