बाजाराचे आवार कोणाचे?

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीच्या आवारात 512 किलो कांदा आणला. भाव किलोला एक रुपया मिळाला. वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, आणि तोही पुढील तारखेचा! महाराष्ट्रात खळबळ माजली आणि संबंधित व्यापाऱ्याचा परवाना समितीने काही दिवसांसाठी निलंबित केला. कांद्याचे दुखणे त्याने बरे झाले नाही, हे खरे. तथापि पट्टीवर प्रत्येक कपात लिहिलेली होती, आणि तक्रार ऐकणारी, कायद्याने निर्माण झालेली एक संस्था गावातच होती, हे विसरून चालणार नाही.

याचे स्मरण करून द्यावयाचे कारण, जिथे अशी संस्था नाही असा एक बाजार आता घरोघरी पोहोचला आहे. मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणारा उद्योजक आपला माल ग्राहकापर्यंत नेतो तो बहुतांशी गुगलच्या ‘प्ले स्टोअर’ या एकाच आवारातून. कारण भारतातील शंभरांपैकी नव्वदहून अधिक स्मार्टफोन गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. या आवाराचे नियम गुगल करते, अडत गुगल ठरविते आणि गाळा रिकामा करण्याचा हुकूमही गुगलच काढते. 1 मार्च 2024 रोजी गुगलने शुल्काच्या वादावरून दहा भारतीय कंपन्यांवर कारवाई सुरू केली आणि शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी डॉट कॉम, कुकू एफएम अशी अ‍ॅप्स स्टोअरमधून काढली. मुलीचे स्थळ आणि मुलाची नोकरी, मध्यमवर्गीय घरातील या दोन चिंता एकदमच बाजारातून उठविल्या गेल्या, असे म्हणावयास हरकत नाही. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्यस्थी केल्यावर ती चार-पाच दिवसांत परत आली. प्रत्येक वेळी मंत्र्याने धावून जावे, ही काही व्यवस्था नव्हे.

गुगलची बाजू सर्वस्वी पोकळ नाही. आवार उभारावयास खर्च येतो, फसव्या मालापासून ग्राहकाचे रक्षण करावे लागते. या कंपन्यांना तीन वर्षांची मुदत दिली होती, आणि भारतातील केवळ तीन टक्के विकासकांनाच शुल्क लागू होते, असे तिने सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2024 मध्ये या कंपन्यांना अंतरिम संरक्षण नाकारले होते. परंतु प्रश्न शुल्क असावे की नसावे हा नाही. ते एकट्याने ठरवावे काय, हा आहे. डिजिटल मालाच्या विक्रीवर मूळ दर 30 टक्के होता. 2021 पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर तो 15 टक्के झाला. पुढे पैसे घेण्यासाठी दुसरी व्यवस्था वापरण्याची मुभा मिळाली, तेव्हा सूट दिली ती चार टक्क्यांची! त्या दुसऱ्या व्यवस्थेचा खर्च विकासकानेच सोसावयाचा असल्याने ही मुभा बव्हंशी कागदावर राहिली. आडत्याला नावे ठेवणाऱ्यांनी 30 टक्के हा आकडा जरा डोळ्यांपुढे आणावा. महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये शासनाने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, मोठा वाद झाला. पण तो वाद निदान चव्हाट्यावर झाला.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. बाजार समिती स्वतः कांद्याचा व्यापार करीत नाही. गुगल मात्र आवाराचा मालकही आहे आणि त्याच आवारातील दुकानदारही. सप्टेंबर 2020 मध्ये पेटीएमचे अ‍ॅप काही तासांसाठी काढले गेले. पेटीएमशी स्पर्धा करणारे ‘गुगल पे’ हे गुगलचेच. त्या दिवशी गुगलचा हेतू काय होता याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. पंच स्वतः खेळत असेल, तर त्याच्या योग्य निर्णयावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. आणि ज्याने वर्षानुवर्षे भांडवल व श्रम ओतून एकाच प्रणालीवर धंदा उभारला, त्याला ‘न परवडल्यास दुसरीकडे जा’ असे सांगणे म्हणजे फडात तोडून ठेवलेल्या उसाच्या मालकाला दुसरा कारखाना शोधावयास सांगण्यासारखेच आहे.

युरोपीय संघाने 2022 मध्ये डिजिटल बाजारपेठांसाठी कायदा करून अशा बलाढ्य कंपन्यांवर आधीच बंधने घातली. भारतातही मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या कंपन्या कोणत्या, हे ठरविण्यावर भर आहे. सोलापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने उद्या एखादे अ‍ॅप काढले, तर त्याला याहून साध्या गोष्टी लागतील: अ‍ॅप हटविण्यापूर्वी लेखी कारण, पुरेशी मुदत, आणि गुगलबाहेरील कोणापुढे तरी त्वरित दाद. हा त्वरितपणाच आज नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने देयक-व्यवस्थेबाबत चौकशीचा आदेश दिला तो नोव्हेंबर 2020 मध्ये, 936.44 कोटींचा दंड ठोठावला ऑक्टोबर 2022 मध्ये. अपिलात तो सुमारे 216 कोटींवर आला मार्च 2025 मध्ये. आणि प्रकरण तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन रुपयांच्या धनादेशाचा निकाल सोलापुरात काही दिवसांत लागला होता.