विद्यार्थी ज्याला विसरत नाहीत ते महाविद्यालय

बारावीचा निकाल लागला की मार्केट यार्ड, बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क या भागांतील अनेक व्यापारी घरांत एक संवाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, ‘‘मला इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्ही शिकायचे आहे.’’ वडील हातातील चहाचा कप खाली ठेवून विचारतात, ‘‘बी.ए. करून पुढे काय?’’ आजोबा तोडगा सुचवतात, ‘‘आधी बी.कॉम. आणि सी.ए. होऊ दे. इतिहास काय, घरी बसूनही वाचता येतो.’’ संवाद बहुधा तेथेच संपतो. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. ज्या घराने तराजू आणि खतावणी यांच्या बळावर तीन पिढ्या उभ्या केल्या, त्या घराला शिक्षणाचाही जमाखर्च मांडावासा वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न इतकाच, की हा जमाखर्च पूर्ण मांडला जातो का?

‘लिबरल आर्ट्‌स’ हा शब्द गेल्या काही वर्षांत पुण्यातील घरांत पोहोचला आहे. विद्यार्थ्याने आरंभीच एका विषयाच्या चौकटीत न शिरता साहित्य, इतिहास, गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असे अनेक विषय चाखावेत, मग एक मुख्य आणि एक जोडविषय निवडावा, ही त्यामागील कल्पना. विमाननगरातील सिंबायोसिस संस्थेचे लिबरल आर्ट्‌स महाविद्यालय २०११ मध्ये सुरू झाले. लवळे येथील फ्लेम या संस्थेला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील विद्यार्थी गट करून, अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली, देशातील एखाद्या प्रदेशाचा वा परंपरेचा प्रत्यक्ष जाऊन अभ्यास करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बहुविद्याशाखीय शिक्षण आणि चार वर्षांची पदवी यांचा पुरस्कार केला आहे. अशा लहान महाविद्यालयांतील मुले आपल्या संस्थेविषयी ज्या आपुलकीने बोलतात, ती पाहून पालक कधी कधी चकित होतात. महाविद्यालय म्हणजे हजेरी, परीक्षा आणि गुणपत्रिका. त्यावर प्रेम कसले करायचे?

या प्रश्नाचे उत्तर नव्या माहितीपुस्तिकांत शोधण्यापेक्षा पुण्याच्याच इतिहासात शोधलेले बरे. असे एक महाविद्यालय या शहराने दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहे, आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी त्यावर किती जीव लावला याचा पुरावाही मागे ठेवला आहे.

ते म्हणजे डेक्कन कॉलेज. पेशवाईतील दक्षिणा निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचे पुढे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव पडले. १८६८ मध्ये ते येरवड्याच्या माळावरील दगडी इमारतीत गेले. त्या वास्तूला सर जमशेदजी जीजीभाय यांच्या दानाचा मोठा आधार होता. चीनशी व्यापार करून धन मिळवलेल्या एका व्यापाऱ्याने विद्येसाठी हात मोकळा सोडला होता, ही गोष्ट व्यापारी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

येरवडा त्या काळी शहराबाहेर होते. विद्यार्थी थोडे, आणि बरेचसे आवारातील वसतिगृहात राहणारे. अध्यापक व्याख्यान संपवून निघून जात नसत. विद्यार्थी त्यांना नावाने, स्वभावाने, चुकांसकट माहीत असत. गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे यांच्याजवळ स्वतःची पदवी नव्हती, पण बाळ गंगाधर टिळकांसारखा शिष्य त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिला. टिळकांची प्रकृती नाजूक होती. पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तके बाजूला ठेवून व्यायाम आणि पोहणे यांचाच ध्यास घेतला. आजच्या पालकाला हे वर्ष वाया गेल्यासारखे वाटेल. पुढील चळवळींचे आणि तुरुंगवासाचे ओझे त्याच शरीराने वाहिले. गोपाळ गणेश आगरकर गरिबीत शिकत होते. एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालावा अशी त्यांची स्थिती. याच आवारात टिळक आणि आगरकर यांची मैत्री जुळली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणाला वाहून घ्यायचे, हा विचार याच मैत्रीतील चर्चांतून पक्का झाला.

त्या चर्चांचे पुढे काय झाले, ते पुण्याला ठाऊक आहे. याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थीही त्या कार्यात आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. येथील आजीव सदस्य पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वखुशीने स्वीकारत. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर एका पेढीने आपली दुसरी पेढी उघडून दिली. आणि हा क्रम तेथेच थांबला नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले शां. ब. मुजुमदार यांनी एकदा पाहिले, की एक विद्यार्थिनी खिडकीतून एका मुलाला जेवण देत आहे. चौकशी करता कळले, की तो मॉरिशसहून आलेला विद्यार्थी काविळीने आजारी आहे आणि परक्या शहरात त्याचे पाहणारे कोणी नाही. त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये सिंबायोसिस संस्था जन्मली, आणि तिनेच चाळीस वर्षांनी लिबरल आर्ट्‌सचे महाविद्यालय काढले.

या साखळीतील प्रत्येक कडी एका साध्या गोष्टीने जोडलेली आहे: कोणीतरी कोणाकडे लक्ष दिले. विद्यार्थी लहान महाविद्यालयावर प्रेम करतात ते तेथील हिरवळीमुळे किंवा इमारतीमुळे नव्हे. तेथे त्यांना नाव असते. वर्गात एक जण गप्प झाला तर ते शिक्षकाला जाणवते. निबंध तपासून परत येतो तेव्हा त्यावर केवळ गुण नसतात, एखादा प्रश्नही लिहिलेला असतो. जुना व्यापारी ग्राहकाला नावाने ओळखत असे, त्याच्या घरातील लग्नकार्य त्याला ठाऊक असे. म्हणूनच ते ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या त्याच दुकानाची पायरी चढत. विद्येच्या पेढीचेही तसेच आहे.

जैन परंपरेला हे नवे नाही. आगमांत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. पाठ घ्यावा, शंका विचारावी, उजळणी करावी, मनन करावे आणि मग इतरांना सांगावे. आजच्या क्लासच्या गर्दीत यांपैकी पहिला आणि तिसरा प्रकार तेवढे शिल्लक राहतात. वाचायचे आणि घोकायचे. दोनशे मुलांच्या वर्गात शंका विचारायला वेळ कोठून आणणार? जेथे पृच्छनेला जागा आणि अनुप्रेक्षेला सवड मिळते, तेथेच विद्यार्थ्याचा जीव रमतो. लहान महाविद्यालयाची खरी मिळकत हीच आहे.

डेक्कन कॉलेजच्या कथेचा उत्तरार्ध मात्र अधिक बोलका आहे. १९३४ मध्ये मुंबई सरकारने हे महाविद्यालय बंद केले. हिशेबाच्या वहीत ती रक्कम वाचली असेल. पण माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांना त्या महाविद्यालयातून आता काहीही मिळवायचे नव्हते. पदव्या हाती होत्या, संसार मार्गी लागले होते. तरीही त्यांच्या संघाने महाविद्यालय पुन्हा सुरू व्हावे म्हणून दावा दाखल केला. न्यायालयाच्या निर्णयानंतर १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. आपल्या महाविद्यालयासाठी न्यायालयाची पायरी चढणारे माजी विद्यार्थी, यापेक्षा प्रेमाचा भक्कम दस्तऐवज कोणता असेल?

त्या दाव्याचे फळ कोणाला मिळाले? पुनरुज्जीवित संस्थेत इरावती कर्वे आल्या. त्यांच्या ‘युगान्त’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आले, त्यांनी जैन मूर्तिशास्त्रावरही लेखन केले. संस्कृतच्या बृहद्‌कोशाचे काम तेथे उभे राहिले, आणि त्याचे संपादन केलेल्या डॉ. अ. मा. घाटगे यांनी उत्तरायुष्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत प्राकृत भाषांच्या महाकोशाचे संपादन हाती घेतले. तो कोश जैन साहित्याला विशेष स्थान देणारा आहे. आज एखादे साधुसाध्वी वा अभ्यासक आगमातील अवघड शब्दाचा अर्थ शोधतात, तेव्हा त्यामागे येरवड्यातील महाविद्यालय वाचवणाऱ्या त्या अनामिक विद्यार्थ्यांचाही अल्पसा वाटा असतो.

राहिला वडिलांचा प्रश्न: ‘‘बी.ए. करून पुढे काय?’’ गोपाळ कृष्ण गोखले हे १८८४ चे बी.ए. फर्ग्युसनमध्ये ते गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जो विषय वाट्याला येईल तो शिकवत. मार्च १९०२ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून सरकार समाधान मानत होते. प्रजा दुष्काळात होरपळत असता अशी शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नव्हे, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरील कर कमी करण्याची त्यांची मागणी होती. १९०३ मध्ये तो कर उतरला. आकडा वाचणे ही एक विद्या. आकड्यामागील माणूस वाचणे ही दुसरी. गोखल्यांजवळ दोन्ही होत्या. ज्या धंद्यात मालक, मुनीम, हमाल आणि गिऱ्हाईक अशी चार प्रकारची माणसे रोज सांभाळावी लागतात, त्या धंद्यालाही दोन्हीची गरज असते.

याचा अर्थ प्रत्येक मुलाला महागड्या महाविद्यालयात घालावे असा नाही. खासगी संस्थांचे शुल्क मोठे असते आणि प्रेमाने हप्ते फिटत नाहीत. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षाने सुरू होते, परंतु व्याजाची आकारणी रक्कम उचलल्यापासूनच चालू राहते. ही रक्कम आधीच कागदावर मांडून पाहावी. ज्या मुलाला लेखापरीक्षणातच गोडी आहे, त्याने अवश्य सी.ए. व्हावे. शिवाय लहानपणा हा काही दर महाविद्यालयाचा गुण नसतो. लहान असूनही कोरडी असलेली संस्था असू शकते, आणि मोठ्या सरकारमान्य महाविद्यालयातील एखादा छोटासा विभाग घरासारखा असू शकतो.

म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी काही चौकशा कराव्यात. एका वर्गात मुले किती? निबंध कोण तपासतो आणि तो शेऱ्यासह परत मिळतो का? वर्षभरानंतर विषय बदलता येतो का? अध्यापक टिकतात, की दरवर्षी नवे येतात? माहितीपुस्तिकेपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी उपाहारगृहात अर्धा तास बोलणे अधिक उपयोगी पडते. एखादा मुलगा आपल्या शिक्षकाची गोष्ट न विचारता सांगू लागला, तर ती शुभ खूण समजावी.

आणि संध्याकाळी दुकान वाढवून घरी आल्यावर वडिलांनी तोच प्रश्न थोडा बदलून विचारावा. ‘‘पुढे काय करणार?’’ याऐवजी, ‘‘तुला इतिहासात नेमके काय आवडते?’’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. चहा निवला तरी चालेल. पृच्छनेचा आरंभ घरातूनच व्हायचा असतो.