राक्षसाच्या नावाचं गाव : हसायचं की विचारायचं?



परिसर अभ्यास शिकवताना "तुझं मूळ गाव कोणतं?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. आमच्या पाचूबंदरच्या मुलांना याची गंमत वाटते. आमच्या गावाच्या नावात पाचू, तिकडे वसई स्टेशनकडे माणिकपूर! पाचू काही सापडत नाही, वाळत घातलेले बोंबील मात्र भरपूर. पण एखाद्याच्या गावाच्या नावात राक्षस किंवा भूत निघालं की सगळा वर्ग हसतो. मग ते मूल पुढच्या वेळी नुसतं तालुक्याचं नाव सांगून मोकळं होतं. काही घरांतही "तसलं नाव सांगू नकोस" असं बजावतात. मला हे पटत नाही. असं नाव लपवायचं नसतं, फळ्यावर लिहायचं असतं.

बीड जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं राक्षसभुवन घ्या. नाव ऐकूनच अंगावर काटा येतो. पण याच ठिकाणी ऑगस्ट १७६३ मध्ये अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पानिपतानंतर अडीच वर्षांतच मिळालेला हा विजय. गावाचं नाव सांगायला लाजणाऱ्या मुलाला हे कळलं तर ते मान वर करून सांगेल.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पाहा. तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारलं, अशी कथा आहे. तिथल्या मंदिराचं नावच दैत्यसूदन. विज्ञान सांगतं की तिथलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर उल्कापाताने झालं आणि त्यातलं पाणी खारट आहे. लवण म्हणजे मीठ. एका नावात कथा, भूगोल आणि विज्ञान असे तीन तास निघतात! कोल्हापूरचं नावही कोल्हासुराच्या कथेशी जोडतात.

गोव्यात सासष्टीमध्ये बेताळभाटी आहे. बेताळ म्हणजे आपला वेताळ. आपल्याकडे तो गोष्टीत झाडावर लटकतो, गोव्यात मात्र तो गावाची राखण करणारा देव.

म्हणजे बघा, राक्षसाचं नाव असलेलं गाव बऱ्याचदा "इथे राक्षस आहे" असं सांगत नाही, "इथे राक्षस हरला" असं सांगतं. महाभारतातली एकचक्रानगरीही आपल्याला आठवते ती बकासुरामुळे. पण गोष्ट संपते ती भीमाच्या विजयाने. श्रावणातल्या कहाण्यांमधलं आटपाट नगर कुठल्याच नकाशात नाही, तरी मुलं ते डोळ्यांसमोर उभं करतात. मग खऱ्या गावाच्या नावाला का घाबरायचं?

काही जण म्हणतील, वाईट नावं बदलूनच टाकावीत. इथे फरक करायला हवा. नाव भीती दाखवतं की माणसाला कमी लेखतं? वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. त्या नावांनी माणसाला वेगळं पाडलं होतं. राक्षसभुवन कुणाचा अपमान करत नाही. ते बदललं तर गोष्ट तेवढी हरवेल.

वर्गात हा उपक्रम करून पाहा. प्रत्येक मुलाने आपल्या गावाचं नाव वहीत लिहावं आणि आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारावेत :

१. हे नाव कसं पडलं, असं लोक सांगतात?
२. जुने लोक गावाला आणखी काय म्हणत?
३. नावाशी जोडलेली जागा कुठली? (देऊळ, झाड, तळं, खडक, बंदर)

"लोक असं सांगतात" आणि "हे नक्की माहीत आहे" हे दोन रकाने वेगळे ठेवा. दंतकथा आणि इतिहास यांतला फरक मुलं इथेच शिकतात. आणि पालकांनो, या दिवाळीत गावी जाल तेव्हा वेशीवरची पाटी मुलांना मोठ्याने वाचायला लावा.