यंत्राचे श्रवण आणि बोलींचा प्रश्न

बेल प्रयोगशाळेतील ‘ऑड्री’ या यंत्राने १९५२ साली उच्चारित आकडे ओळखून दाखविले. मात्र त्यासाठी यंत्र प्रत्येक वक्त्याच्या आवाजाशी जुळवून घ्यावे लागे. १९६२ साली आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ने १६ शब्दांपर्यंत मजल मारली, तर २०१७ साली गूगलची श्रुतलेखनाची सोय मराठीतही उपलब्ध झाली. या प्रवासात जुळवून घेण्याची जबाबदारी यंत्राकडून हळूहळू वक्त्याकडे सरकली आहे काय, हा भाषाभ्यासकांपुढील खरा प्रश्न आहे.

यंत्र मनुष्याप्रमाणे ऐकत नाही. ध्वनिमुद्रित नमुने आणि त्यांचे लिखित रूप यांवरून ते संभाव्य शब्दाचा अंदाज बांधते. नमुन्यांत जे उच्चार विरळ, त्यांच्याविषयीचा अंदाज चुकण्याचा संभव अधिक. खानदेश-वऱ्हाडातील बोलींत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोया’ म्हणणारा वक्ता अशुद्ध बोलत नसतो, तर आपल्या बोलीच्या नियमानुसार बोलत असतो. यंत्राच्या लेखी मात्र ती चूक ठरू शकते.

संगणकावर अशी चूक हाताने दुरुस्त करता येते. मोटारीत चालकाचे हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर असते. ‘जयगाव’ म्हणून वाट सापडत नसेल, तर ‘जळगाव’ म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. शाळेने वा शहराने बोलीवर आणलेले दडपण आता सोयीच्या रूपाने येऊ लागले आहे, असे म्हणता येईल.

यावर, यंत्राला एक प्रमाणरूप लागणारच, असा आक्षेप संभवतो. तो लेखनापुरता ग्राह्य आहे. तथापि मराठीच्या शासनमान्य लेखननियमांनीही पात्रांच्या तोंडी ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी रूपे लिहिण्याची मुभा दिली आहे. लेखनाचे प्रमाण आणि बोलण्याचे स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात. यंत्राने ‘जयगाव’ ऐकावे आणि ‘जळगाव’ लिहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

ती पूर्ण व्हावयाची तर विविध प्रदेशांतील, वयोगटांतील आणि समाजस्तरांतील वक्त्यांच्या बोलीचे, त्यांच्या संमतीने घेतलेले ध्वनिमुद्रण हवे. त्यासोबत उच्चारानुसारी आणि प्रमाण अशी दोन्ही लिप्यंतरे हवीत. हे काम केवळ अभियंत्यांचे नाही. बोलीतील नियम आणि उच्चारातील स्खलन यांतील भेद जाणणारे अभ्यासक मराठी विभागांत आहेत. त्यांनी हे कार्य अंगावर घेतले नाही, तर कोणती मराठी ऐकण्याजोगी आहे याचा निर्णय त्यांच्या अपरोक्ष होईल.