चूक टेम्पोची, बोनस आमचा का बुडावा?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

महोदय,

कल्याणहून बदलापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर एकदा सकाळच्या वेळी येऊन पाहा. विठ्ठलवाडी, शांतीनगर ओलांडून अंबरनाथचा फॉरेस्ट नाका येईपर्यंत रिक्षा, दुचाक्या, कंपन्यांच्या बस आणि आनंदनगर एमआयडीसीतले ट्रक एकमेकांना खेटून चालतात. काटई रस्त्याने आलात तर नेवाळी नाक्यावर तीच गत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एकही ओरखडा नसलेली मोटार दिसली, तर ती शोरूममधून आजच निघाली असे खुशाल समजावे. हे ओरखडे कोणाच्या खिशातून बुजवले जातात, ते आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १४६ व्या कलमाने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता एकरकमी भरावा लागतो. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई व्हावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर कायद्याची वाट लांबची असली तरी आखलेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंबरनाथच्या उड्डाणपुलावर एका भरधाव मोटारीने समोरून येणाऱ्या दुचाक्यांना उडवले आणि चार जणांचा जीव गेला. अशा प्रसंगी १६४ व्या कलमाखाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा, असा नियम २०२२ पासून आहे. पण अपघातात माणसे सुखरूप राहिली आणि फक्त गाडी चेपली, तर? अपघातांत हाच प्रकार सर्रास घडतो, आणि नेमके त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही.

गेल्या पावसाळ्यात नेवाळी नाक्याच्या अलीकडे कोंडीत थांबलो असताना मागून टेम्पोने ठोकले. डिकी आत गेली, बंपर लोंबू लागला, एक टेललाइट फुटली. टेम्पोवाला विशीतला पोरगा. उतरून म्हणाला, "काका, शेठशी बोला." शेठ फोनवर म्हणाले, "दोन हजार घ्या आणि विषय मिटवा." मागे हॉर्नचा गजर सुरू. बघ्यांतला एक जण मांडवली करायला पुढेही सरसावला. एमपरिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाकला, तर विमा चालू असल्याचे दिसले. म्हटले, चला, निदान भरपाई तरी होईल. माझ्या विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, ओन डॅमेजमध्ये क्लेम टाकू का? एनसीबी जाईल." मी म्हटले, "पण चूक टेम्पोची आहे." ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही."

महोदय, तो ऑप्शन नसण्याची किंमत काय, ते पाहा. समजा, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता १०,००० रुपये आहे. पाच वर्षे एकही क्लेम न घेता गाडी चालवली म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी) मिळतो आणि ५,००० रुपयेच भरावे लागतात. एक क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो. पुढे दरवर्षी २०, २५, ३५, ४५ अशी शिडी चढत पुन्हा पन्नासवर पोहोचायचे. हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तरी या काळात ५,००० अधिक ३,००० अधिक २,५०० अधिक १,५०० अधिक ५००, म्हणजे एकूण १२,५०० रुपये जादा जातात. त्याखेरीज क्लेमच्या रकमेतून सक्तीची कपात आहेच: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापुढे २,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे ॲड-ऑन, घेतलेले नसेल, तर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत घसाऱ्यात गेली. गॅरेजवाल्याने १५ हजारांचे बिल सांगितले, तर शहाणा माणूस क्लेमच्या भानगडीत पडत नाही. मुकाट्याने स्वतःच्या खिशातून पैसे देतो.

आता याचा ताळेबंद मांडा. ठोकणारा सुटला. त्याच्या विमा कंपनीचा एक रुपया गेला नाही. माझ्या कंपनीचाही गेला नाही. दोघींनी हप्ते मात्र घेतलेले आहेत. नुकसान भरले ते रस्त्यात निमूट उभ्या असलेल्या माणसाने. वर बोनस वाचवायचा असेल तर 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचे ॲड-ऑन जादा पैसे मोजून घ्या म्हणतात. म्हणजे दुसऱ्याच्या चुकीपासून सुटका हवी, तर तीही विकतच.

टेम्पोच्या विम्यातून भरपाई मिळत नाही का? कागदावर मिळते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मोटारीच्या पॉलिसीत सहसा साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत संरक्षण असते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, वकील द्यायचा, पंचनामा मिळवायचा आणि तारखा मोजायच्या. फुटलेल्या बंपरसाठी नोकरी बुडवून कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? विमा लोकपालाकडेही दाद नाही. तिथे आपल्याच विमा कंपनीविरुद्ध तक्रार करता येते, समोरच्याच्या कंपनीविरुद्ध नाही. आणि देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, त्यांनी ठोकले तर बोलायलाच नको.

इतर देशांनी यावर तोडगा काढलेला आहे. इटलीत २००७ पासून ज्याची चूक नाही त्याला त्याचीच विमा कंपनी भरपाई देते आणि दोन कंपन्या आपसात हिशोब करतात. युरोपात अनेक ठिकाणी अपघाताचा छापील फॉर्म गाडीतच ठेवलेला असतो. दोन्ही चालक तो जागेवर भरतात, सह्या करतात, एकेक प्रत घेऊन निघून जातात.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे नाही. आपणच जून २०२४ मध्ये नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर २४ तासांत नेमावा, असा दंडक कंपन्यांना घालून दिलात. तीच धडाडी आणखी तीन गोष्टींत दाखवावी.

पहिली: सर्व्हेअरच्या अहवालात विमाधारकाची चूक नसल्याचा शेरा असेल, तर त्या क्लेममुळे नो क्लेम बोनस कापू नये, सक्तीची कपातही करू नये.

दुसरी: एक लाख रुपयांपर्यंतच्या नुकसानीत विमाधारकाला त्याच्या कंपनीने पैसे द्यावेत आणि ठोकणाऱ्याच्या कंपनीकडून ते ठरावीक मुदतीत वसूल करावेत. दोन्ही कंपन्यांचे परवाने आपल्याच हातात आहेत.

तिसरी: पॉलिसीसोबत मराठीत एक पानी अपघात फॉर्म द्यावा. जागा, वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, फोटो आणि सह्या. रस्त्यावरची हमरीतुमरी निम्मी तिथेच संपेल.

संगनमत करून खोटे क्लेम येतील, ही कंपन्यांची भीती मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात फक्त वादाला जागा नसलेल्या प्रकारांपासून करावी: मागून बसलेली धडक, उभ्या गाडीला बसलेली धडक आणि उलट्या दिशेने येऊन दिलेली धडक. फोटो, सर्व्हेअर आणि दोन्ही गाड्यांची नोंद इतका पुरावा अशा क्लेमला भरपूर आहे. आणि चार लबाड निघतील म्हणून चारशे प्रामाणिक माणसांना दंड ठोठावणे, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

आम्ही या पट्ट्यातले लोक रस्त्यावरचे खड्डे सोसतो, कोंडी सोसतो, रेल्वेची गर्दी सोसतो. ते सगळे दुरुस्त करणे आपल्या हातात नाही. हा अन्याय मात्र आपण एका परिपत्रकाने दूर करू शकता. चूक ज्याची, भुर्दंड त्याच्या विम्याला, एवढा साधा न्याय विमा कंपन्यांकडून वसूल करून द्यावा, ही विनंती.

आपला,
बदलापूरचा एक विमाधारक